नर्सिंगला जायचंय? आधी नोंदणीचा रस्ता बघा: बारावी ते नोकरी, टप्प्याटप्प्याने

महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. सरकारी भरती असो, मोठं खासगी रुग्णालय असो की परदेशातली नोकरी, कागद तपासणारा माणूस आधी रजिस्ट्रेशन नंबर विचारतो. घराघरांत मात्र क्रम उलटा चालतो. आधी कॉलेज ठरतं, मग फी भरली जाते, मग कागदपत्रांची धावपळ होते आणि नोंदणीचा विचार शेवटच्या वर्षी सुचतो. ज्यांचे पैसे आणि वर्षं वाया जातात ते बहुतेक इथेच चुकलेले असतात.

म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत चला: या वाटेने गेलो तर परिषदेत नोंदणी होणार का?

टप्पा १: अभ्यासक्रम निवडा

बारावीनंतर नोंदणीपर्यंत नेणारे रस्ते तीनच आहेत.

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) हा दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. कोणत्याही शाखेची बारावी चालते. जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रातली आरोग्य सेविका याच वाटेने येते. गावपातळीवरचं काम, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी हे आवडत असेल तर उत्तम. अतिदक्षता विभागात काम करायचं स्वप्न असेल तर हा रस्ता तिकडे जात नाही.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा. मुलगे-मुली दोघांनाही खुला, आणि कला किंवा वाणिज्य शाखेची बारावीही चालते. बारावीत किमान ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के हवेत. यातून नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी मिळते.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेतच. खुल्या प्रवर्गाला पहिले तीन विषय (पीसीबी) मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत.

इथे नेहमीची गफलत होते ती टक्क्यांची. बारावीचे एकूण टक्के इथे कामाचे नाहीत. तीन विषयांच्या ३०० गुणांपैकी १३५ (राखीव असल्यास १२०) पडलेत का, तेवढं बघा. मराठी आणि पर्यावरणाच्या जोरावर एकूण ६० टक्के मिळाले, पण पीसीबीत १२८ पडले, तर खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी अपात्र ठरतो. फॉर्म भरण्याआधी गुणपत्रिका समोर ठेवून ही बेरीज स्वतः करा. सायबर कॅफेवाला करणार नाही.

बी.एस्सी. हुकलं म्हणजे पदवी हुकली असंही नाही. जीएनएम करून नोंदणी घेतली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. चार वर्षांऐवजी पाच लागतात, पण कला शाखेच्या मुलीला पदवीपर्यंत नेणारी ही सरळ वाट आहे. बी.एस्सी.साठी बारावी पुन्हा देऊन एक वर्ष घालवण्यापेक्षा मला हीच बरी वाटते, विशेषतः पीसीबीत फार कमी गुण असतील तर.

मुलींसाठी आणखी एक दार आहे: लष्करी परिचर्या सेवा. पुण्याचं एएफएमसी, मुंबईची आयएनएचएस अश्विनी यांच्यासह सशस्त्र दलांच्या सहा संस्थांत बी.एस्सी. नर्सिंगचं शिक्षण होतं आणि पुढे अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. त्यासाठी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन तिथे जाता येत नाही. ज्यांना हे हवंय त्यांनी दोन्ही परीक्षांचे फॉर्म भरावेत.

> सावधान: सहा महिन्यांचा किंवा एका वर्षाचा ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असा कोर्स केल्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. मदतनीस म्हणून काम मिळू शकतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण ‘एका वर्षात नर्स’ अशी पाटी लावून कुणी फी मागत असेल तर उठून बाहेर या.

टप्पा २: कागदपत्रं अकरावीतच सुरू करा

जागा गुणांअभावी जातात त्यापेक्षा कागदांअभावी जास्त जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार हे सगळ्यांकडे असतं. अडतं ते पुढच्या गोष्टींवर.

जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच, कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या शिफारसपत्रासह, जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे करायचा. पुरावे लागतात ते वडील, आजोबा, पणजोबा किंवा चुलत घराण्यातल्या रक्ताच्या नात्यातल्या माणसांचे, आणि तेही जुने: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा गाव नमुना चौदाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढायची तर गावी दोन-तीन खेपा होतातच. निकालानंतर हे काम हाती घेतलं तर प्रवेशाच्या तारखा टळून जातात.

नॉन-क्रिमिलेअर दाखला उपविभागीय अधिकारी कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. घरात जुना दाखला पडलाय म्हणून निश्चिंत राहू नका, खालच्या कोपऱ्यातली मुदत वाचा. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला तहसीलमधून काढायचा, तो लवकर होतो. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

आता नावाचं. हे वाचून पुढे जाऊ नका, आत्ताच करा.

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. पॅन कार्डावर कधी वडिलांचं नाव गाळलेलं. क्रमाचा फरक समजावून सांगता येतो, इंग्रजी स्पेलिंगचा येत नाही. दहावीला आडनावात एक अक्षर जास्त आणि आधारवर कमी असेल तर ती चूक पुढे विद्यापीठाच्या पदवीवर, परिषदेच्या नोंदणीवर आणि पासपोर्टवर आपल्या सोबतच चालते. दहावीची गुणपत्रिका मूळ धरायची आणि बाकी सगळं तिच्याशी जुळवून घ्यायचं. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्ती करून घ्या, तीही बारावीच्या आधी.

> तपासा: दहावी, बारावी, आधार, बँक पासबुक आणि जातीचा दाखला एका टेबलावर शेजारी मांडा. पाचही ठिकाणी नावाचं आणि जन्मतारखेचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा सारखा आहे का ते बोट ठेवून वाचा. एकट्याने नको, दोघांनी मिळून वाचा.

टप्पा ३: सीईटी आणि कॅप

बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी राज्य सीईटी कक्ष २०२३ पासून घेतो. त्याआधी नीटचे गुण धरत असत, त्यामुळे ‘नीट दिली नाही म्हणजे नर्सिंग नाही’ असं सांगणारे काका-मामा अजून भेटतात. प्रश्न भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल या पाच भागांत असतात. बारावीचं पाठ्यपुस्तक व्यवस्थित झालं असेल तर पहिल्या तीन भागांसाठी वेगळा क्लास लागत नाही. मागे पडतात ती मुलं इंग्रजीत. रोज एक उतारा वाचून त्यावरचे प्रश्न सोडवण्याची सवय चार महिने ठेवली तरी फरक दिसतो. पुढे अख्खं शिक्षणच इंग्रजीत आहे, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

परीक्षा दिली म्हणजे प्रवेशासाठी नाव लागलं असं नाही. निकालानंतर कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी वेगळी करावी लागते, कागद अपलोड करावे लागतात आणि पसंतीक्रम वेगळा भरावा लागतो. दरवर्षी चांगल्या गुणांची मुलं निकाल बघून घरी बसतात आणि कॅपची नोंदणी संपल्यावर जागी होतात.

पसंतीक्रम भरताना गुण बघून कॉलेज मागे-पुढे करू नका. मनापासून जे पहिलं हवं ते पहिलं लिहा, वरचं कॉलेज लिहिल्यामुळे खालचं हुकत नाही. पण जिथे जायचंच नाही ते यादीत घालू नका, कारण तेही लागू शकतं. लागलेली जागा पक्की ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरावा लागतो. तो न भरता पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर आधीची जागा आपोआप सुटते. मागाहून ‘जुनंच बरं होतं’ म्हणून उपयोग नाही.

फीबद्दल एक गोष्ट पालकांना माहीत नसते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. त्यामुळे ‘कॅपच्या भानगडीत कशाला पडता, थेट प्रवेश देतो’ असं कॉलेजच्या माणसाने म्हटलं तर त्या वाक्याची किंमत चार वर्षांची फी आहे हे लक्षात घ्या. प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज स्वतःच करायचा, आणि दरवर्षी नव्याने.

टप्पा ४: फी भरण्याआधी कॉलेज तपासा

तीन ठिकाणी नाव शोधायचं. इंडियन नर्सिंग कौन्सिल या देशपातळीवरच्या परिषदेच्या संकेतस्थळावरची संस्थांची यादी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, आणि परीक्षा घेणारी संस्था. बी.एस्सी.साठी ही संस्था म्हणजे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. एएनएम-जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. एकाच ट्रस्टची दोन-तीन कॉलेजं असतात आणि मान्यता एकालाच असते, म्हणून संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि पत्ता तिन्ही जुळवा. मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षासाठी आणि किती जागांसाठी आहे तेही बघा.

मग प्रत्यक्ष जा. इमारत, संगणक कक्ष आणि गेटवरचा पुतळा बघून परत येऊ नका, रुग्णालय बघा. कॉलेजच्या स्वतःच्या मूळ रुग्णालयात किमान १०० खाटा असाव्यात असा निकष आहे. खाटा मोजण्यापेक्षा खाटांवर माणसं आहेत का ते बघा. सकाळी अकराच्या सुमारास बाह्यरुग्ण विभाग ओस असेल, वॉर्डात चादरींच्या घड्या तशाच असतील, तर तुमची मुलगी तिथे शिकणार काय? तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना कँटीनमध्ये गाठा आणि विचारा: बाळंतपणाच्या पोस्टिंगला कुठे पाठवतात, किती तास बसने जावं लागतं, प्रत्यक्ष हात लावू देतात की कोपऱ्यात उभं करतात. माहितीपत्रकात हे छापत नाहीत.

> सावधान: मूळ गुणपत्रिका कॉलेजकडे जमा करायची वेळ आली तर पोच घ्या, यादी करून, सही-शिक्क्यासह. त्याआधी प्रत्येक कागदाचं रंगीत स्कॅन स्वतःकडे ठेवा.

टप्पा ५: शिकतानाच्या वर्षांत काय सांभाळायचं

पहिली गोष्ट लस. हिपॅटायटिस-बी ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशा तीन डोसांत पूर्ण होते. वॉर्डात पाऊल पडण्याआधी निदान सुरुवात झालेली असावी. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. ती थेट सुईच्या डब्यात टाकायची. तरीही टोचलीच, तर साबण-पाण्याने धुऊन लगेच इन्चार्जला सांगा. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर सगळ्यांत चांगलं, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ‘मॅडम ओरडतील’ म्हणून रात्रभर गप्प बसणाऱ्या मुली आहेत, म्हणून हे इतकं लिहिलं.

दुसरी, हजेरी. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के लागते. पण पदवी मिळण्याआधी क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातल्या प्रात्यक्षिकांची हजेरी १०० टक्के भरावी लागते. म्हणजे लग्नसराईत मारलेली प्रत्येक दांडी पुढे सुट्टीत भरून द्यायची आहे. घरच्यांना हे पहिल्याच वर्षी सांगून ठेवा.

तिसरी, लॉगबुक, म्हणजे वॉर्डात केलेल्या कामांची नोंदवही. सकाळच्या ड्युटीला कॅथेटर टाकायला मदत केली, तर त्याच दिवशी तारीख, प्रक्रिया आणि रुग्णाचा केस पेपर नंबर लिहायचा आणि पुढच्या पाळीला ओव्हर देण्याआधी सिस्टर-इन्चार्जची सही घ्यायची. सत्र संपताना एकदम सह्या मागायला गेलं की इन्चार्जची बदली झालेली असते, रुग्णाचा नंबर आठवत नाही, आणि मग मुली एकमेकींचं लॉगबुक उतरवून काढतात. प्रसूतीच्या नोंदवहीत हा खेळ फार महागात पडतो. तिथे ठरावीक संख्येने प्रसूती बघितल्या-केल्याची नोंद लागते आणि परीक्षक नेमकं त्यातलंच विचारतो.

औषधाच्या चार्टवरची सही औषध दिल्यावरच. आधी सगळ्या सह्या उरकून मग ट्रॉली फिरवायची सवय ज्या वॉर्डात असेल, तिथे ती उचलू नका.

मुलग्यांसाठी एक टीप. वॉर्डात तुम्हाला ‘ब्रदर’ म्हणतील. प्रसूती आणि स्त्रीरोगाच्या पोस्टिंगला अडचण येते, तेव्हा ही नोंद कशी पूर्ण करून देणार ते कॉलेजला वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

टप्पा ६: नोंदणी

अंतिम निकाल लागला की त्याच आठवड्यात परिषदेच्या नोंदणीची तयारी सुरू करा. ‘आधी नोकरी बघू, मग रजिस्ट्रेशन’ हा क्रम चालत नाही. सरकारी जाहिरातीत अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंत नोंदणी हातात असावी लागते. ‘प्रलंबित आहे’ या उत्तरावर कागदपत्र तपासणीत नाव कापलं जातं, गुण कितीही असोत.

नोंदणी कायमची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी निरंतर परिचर्या शिक्षणाचे तास जमा हवेत. कार्यशाळेला गेलात की प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लावा. शिवाय इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांकही करून घ्या. दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर तिथल्या परिषदेत नोंद करण्यासाठी महाराष्ट्राच्या परिषदेचं ना-हरकत लागतं. लग्नानंतर नाव बदललं तर आधी राजपत्र, मग परिषद, मग आधार-पासपोर्ट. हा क्रम उलटा केला की पदवी एका नावाची आणि नोंदणी दुसऱ्या नावाची, अशी गत होते.

टप्पा ७: पहिली नोकरी आणि सरकारी भरती

खासगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार कमी असतो, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. तरी पहिली दोन वर्षं मोठ्या खाटांच्या रुग्णालयात आणि शक्यतो एकाच विभागात काढा. अतिदक्षता, शस्त्रक्रिया गृह, डायलिसिस, नवजात शिशू कक्ष इथला अनुभव पुढे सगळीकडे विकला जातो. अनुभवपत्र घेताना त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या आहे ना ते बघा. ‘समाधानकारक काम केले’ एवढंच लिहिलेला कागद पुढे कुणी धरत नाही.

खाटांची संख्या का, तर एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांकडे किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. बी.एस्सी.वाल्यांना ही अट नाही. नर्सिंग ऑफिसरचं पद सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ मध्ये आहे, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. परीक्षा दोन टप्प्यांची आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणारी, त्यामुळे अंदाजपंचे गोळे भरू नका. एम्समध्ये ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत, मुलग्यांनी त्या हिशेबाने तयारी ठेवावी.

राज्यात अधिपरिचारिका पदाची भरती सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग वेगवेगळी करतात. रेल्वे, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) आणि महापालिका यांच्या जाहिराती आणखी वेगळ्या. बी.एस्सी. नर्सिंगनंतर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुष्मान आरोग्य मंदिरातही जाता येतं. तिथे ड्युटीच्या पाळ्या नाहीत, पण उपकेंद्र एकटीने चालवायची तयारी हवी.

पुढचं शिक्षण थोडक्यात: शिकवायचं असेल तर एम.एस्सी. नर्सिंग. त्याला पदवीला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. वॉर्डातच राहून वर चढायचं असेल तर अतिदक्षता, कर्करोग, शस्त्रक्रिया गृह अशा विषयातली एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका जास्त कामाची.

टप्पा ८: परदेश

देश आधी ठरवा, क्लास मागून. प्रत्येक देशाची परीक्षा निराळी आहे आणि ‘सगळीकडे चालेल’ असा कोर्स कुठेच नाही.

आखाती देशांसाठी डेटाफ्लो या संस्थेची कागदपत्र पडताळणी आणि त्या देशाची प्रोमेट्रिक, म्हणजे परवान्याची संगणकावरची परीक्षा. ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, म्हणजे आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये ७ (लेखनात ६.५ चालतात) किंवा ओईटीमध्ये बी (लेखनात सी-प्लस चालतं), मग संगणकावरची सीबीटी, आणि तिथे पोचल्यावर प्रात्यक्षिकाची ऑस्की. अमेरिकेसाठी नर्सच्या परवान्याची एनक्लेक्स-आरएन परीक्षा: ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, आणि तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलत जातो. जर्मनीला बी-२ पातळीची जर्मन भाषा, आणि ती शिकायला वर्षभर तरी मनापासून द्यावं लागतं.

गावी किंवा कॉलेजच्या शहरात असतानाच विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचा अधिकृत उतारा) आणि परिषदेकडून गुड स्टँडिंग प्रमाणपत्राची (नोंदणी चालू आणि स्वच्छ असल्याच्या दाखल्याची) प्रक्रिया समजून घ्या. पडताळणी करणारी संस्था थेट तुमच्या कॉलेजला आणि जुन्या रुग्णालयाला मेल पाठवते. तिथल्या एचआरने उत्तरच दिलं नाही तर फाइल महिनोन्‌महिने अडकते. नोकरी सोडताना भांडून सोडू नका, त्याचं एक कारण हेही आहे.

> तपासा: आखाती देशांसह एकूण १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सना २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते आणि भरतीही सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच व्हावी लागते. बाकी देशांसाठी एजंट गाठलात तर तो नोंदणीकृत आहे का ते याच संकेतस्थळावर दिसतं. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. लाखांत आकडा सांगणाऱ्याकडे आधी परवाना क्रमांक मागा. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ असं म्हणाला तर पासपोर्ट त्याच्या हातात द्यायचा नाही.